‘एज ऑफ एम्पायर्स २’ : पंचवीस वर्षांनंतरही हाच खेळ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे काका बेचाळीस वर्षांचे आहेत. दर शनिवारी रात्री जेवणे आटोपली की ते आणि त्यांचे वसतिगृहातले तीन मित्र ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायला बसतात. एक मित्र नाशिकला, एक बंगळुरूला आणि एक न्यू जर्सीत, जिथे तेव्हा शनिवारची सकाळ सरत आलेली असते. मध्ययुगातले गाव वसवून, सैन्य उभारून लढण्याचा हा संगणकावरचा खेळ १९९९ सालचा आहे. घरातल्या संगणकावर आजचा कोणताही देखणा खेळ सहज चालतो, तरी काका त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ही केवळ कॉलेजच्या दिवसांची ओढ आहे, की या खेळातच काही आहे, असे पुतण्याला जाणून घ्यायचे आहे.

मी हा खेळ २००३ पासून खेळतो आहे आणि गेली आठ वर्षे नव्या खेळाडूंना शिकवतो आहे. शिकवण्याच्या निमित्ताने दुसऱ्यांचे शेकडो सामने मी पहिल्या मिनिटापासून अखेरपर्यंत पाहिले आहेत, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे : या खेळात हरलेल्या माणसाला आपण नेमके कोठे हरलो ते शोधून काढता येते, ती जागा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या हातातली असते, आणि ती सुधारून पाहण्याची संधी त्याला पुढच्याच सामन्यात मिळते. माणसे वीस-वीस वर्षे टिकतात ती यामुळे.

आठवणींचा वाटा मी नाकारत नाही. पण आठवण माणसाला परत आणते ती दोन-चार संध्याकाळींपुरती. २०१३ मध्ये या खेळाची एचडी आवृत्ती आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली, तेव्हा दोन्ही वेळा माझे कितीतरी जुने सोबती परतले. त्यांनी ‘चीज स्टेक जिमीज’ टाइप करून फुकटचे अन्न मिळवले, ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ लिहून मध्ययुगाच्या मैदानात गोळ्या झाडणारी मोटारगाडी उतरवली, मनसोक्त हसले, आणि महिन्याभरात दिसेनासे झाले. जे राहिले, त्यांतल्या अनेकांनी हा खेळ कॉलेजात असताना पाहिलाही नव्हता. माझ्याकडे सध्या शिकणाऱ्यांत दोघे असे आहेत की खेळ बाजारात आला तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांना कसली आठवण येणार?

तेव्हा प्रत्यक्ष खेळाकडे वळू, आणि त्यातही पहिल्या दहा मिनिटांकडे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला सर्वांत कंटाळवाणी वाटणारी हीच दहा मिनिटे जाणत्या खेळाडूला सर्वांत प्रिय असतात.

सामना सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे एक टाउन सेंटर, म्हणजे नवी माणसे तयार करणारी गावाची मुख्य इमारत, तीन व्हिलेजर, म्हणजे कामकरी गावकरी, आणि एक घोडेस्वार टेहळ्या, म्हणजे स्काउट, एवढेच असते. कोठीत २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने आणि २०० दगड. एका व्हिलेजरला ५० अन्न लागते आणि तो तयार व्हायला २५ सेकंद लागतात. याचा अर्थ टाउन सेंटर एक क्षणही रिकामे राहिले नाही, तर दहा मिनिटांत चोवीस नवे व्हिलेजर मिळतात, आणि मध्ये मध्ये हयगय होऊन ते एकूण एक मिनिट रिकामे राहिले, तर दोन कमी मिळतात. हे दोन कमी म्हणजे किती, हे शिकणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी मांडून दाखवतो. एक व्हिलेजर मिनिटाला साधारण वीस एकक माल गोळा करतो. तेव्हा दोघे पंधरा मिनिटांत सहाशे एकक गोळा करतात. कॅसल युगातला, म्हणजे खेळातल्या चार युगांपैकी तिसऱ्यातला, एक नाईट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, ६० अन्न आणि ७५ सोन्याला पडतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला झालेले ते दुर्लक्ष विसाव्या मिनिटाच्या लढाईत चार नाइटांची उणीव होऊन समोर उभे राहते. लढाईत हरलेला नवखा माणूस म्हणतो की समोरच्याचे सैन्य मोठे होते. ते मोठे का होते, याचे उत्तर बऱ्याचदा त्या तिसऱ्या मिनिटात दडलेले असते.

आणि ही दहा मिनिटे नुसती मोजदाद नसते. टाउन सेंटरजवळ मेंढ्या असतात, त्या एका वेळी एकच कापायची, कारण कापलेले मांस हळूहळू नासते. तेवढ्यात स्काउटने आसपास फिरून उरलेल्या मेंढ्या आणि दोन रानडुकरे शोधायची असतात. एका रानडुकरात ३४० अन्न असते, म्हणजे तीन मेंढ्यांहून अधिक, पण ते तुमच्या दारात चालत येत नाही. ते आणावे लागते. एका व्हिलेजरने जाऊन त्याला दोन बाण मारायचे, ते चवताळून मागे लागले की धावत टाउन सेंटरकडे यायचे आणि आत शिरायचे, तोवर मेंढीवर बसलेल्या बाकीच्यांनी उठून त्या डुकरावर बाण सोडायचे. व्हिलेजरचा जीव २५ अंकांचा. डुकराच्या चार तडाख्यांत तो संपतो. माणूस वळवायला उशीर झाला तर तो मरतो, लवकर वळवला तर डुक्कर अर्ध्या वाटेतून परत जाते, आणि बाकीच्यांना उठवायला विसरलात तर दोन्ही गोष्टी घडतात. हे सगळे चालू असताना टाउन सेंटरमधली नव्या व्हिलेजरांची रांग भरलेली ठेवायची, दर पाच माणसांमागे एक घर बांधायचे आणि स्काउटला शत्रूच्या दिशेने न्यायचे. मी हे डुक्कर हजारो वेळा आणले असेल. आजही पहिला बाण सोडताना माझा हात किंचित सावध होतो.

खरा मुद्दा असा की हे कौशल्य कधीही पुरते संपत नाही. सहा महिन्यांत डुक्कर आणता येते. वर्षभरात ते आणताना रांग रिकामी पडत नाही. दोन वर्षांत त्याच वेळी शत्रूच्या गावात फिरणाऱ्या स्काउटला त्याची लाकूडतोडीची जागा दिसते आणि तो आर्चर, म्हणजे तिरंदाज, काढणार की घोडदळ याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचे काम हाताला आपोआप येऊ लागते आणि डोके पुढच्या कामाला मोकळे होते. तबला शिकणाऱ्याला हा अनुभव सांगावा लागणार नाही.

पुढचा भाग लढाईचा. अनेक आधुनिक खेळांत बाण सुटला की तो लागलाच असे धरतात. इथे तसे नाही. बाण हा मैदानावरून उडत जाणारा एक खरा पदार्थ आहे. तो सुटताना लक्ष्य जिथे होते तिथे जातो, आणि लक्ष्य मधल्या वेळात सरकले तर तो जमिनीत रुततो. ‘बॅलिस्टिक्स’ नावाचे तंत्र खेळातल्या युनिव्हर्सिटी या इमारतीत संशोधून घेतले की तिरंदाज पळणाऱ्याच्या पुढचा नेम धरू लागतात. ही एक साधी बाब, पण तिच्यातून केवढी खोली निर्माण झाली ते पाहण्यासारखे आहे. मँगोनेल हे दगडफेकीचे यंत्र घ्या. समोर शत्रूचे वीस क्रॉसबोधारी दाटीने उभे आहेत. मँगोनेलचा दगड सुटतो, आणि तो हवेत असतानाच्या त्या सेकंदभरात समोरच्या खेळाडूने आपला जथा दोन भागांत फोडून डावी-उजवीकडे नेला, तर दगड मोकळ्या जमिनीवर पडतो आणि पुढच्या क्षणी ते यंत्र बाणांनी मोडते. त्याला अर्धा सेकंद उशीर झाला, तर वीसच्या वीस एका फटक्यात आडवे होतात. दगड आपल्याच माणसांवर पडला तर तेही मरतात, त्यामुळे यंत्राच्या पुढे उभे केलेले आपले भालेकरी कोठे आहेत हेही पाहावे लागते. उंचवट्यावरून मारलेला घाव सव्वापट लागतो आणि खालून वर मारलेला पाऊणपट, म्हणून समान सैन्यांच्या लढाईत एक छोटी टेकडी निकाल फिरवते. यांतले काहीही खेळाडूपासून लपवलेले नाही. नियम साधे आहेत, सर्वांना माहीत आहेत, आणि तरी त्यांच्या एकमेकांवरच्या परिणामांचा थांग लागलेला नाही.

भाला घोड्याला भारी, आर्चर भालेकऱ्याला भारी, स्कर्मिशर, म्हणजे हलका भालाफेक्या, आर्चरला भारी आणि घोडा स्कर्मिशरला भारी, हे चक्र कोणीही तासाभरात शिकतो, त्यावर मी फार थांबत नाही. संस्कृती, म्हणजे खेळायला निवडायचे लोकसमूह, किती, याचीही नवख्यांना भीती वाटते : पहिल्या आवृत्तीत तेरा होत्या, २००० साली आलेल्या ‘द कॉन्करर्स’ या विस्तारात अठरा झाल्या, आज त्या चाळीसच्या पुढे गेल्या आहेत. पण सगळ्या एकाच सामाईक तंत्रवृक्षाच्या, म्हणजे इमारती, सैनिक आणि शोध यांच्या एकाच आराखड्याच्या, फांद्या आहेत. हूणांना घरे बांधावी लागत नाहीत, मंगोल शिकार झपाट्याने करतात, मायांच्या खाणी आणि झाडे अधिक काळ पुरतात; असे दोन-तीन विशेष आणि काही उणिवा सोडल्या तर एक संस्कृती नीट शिकलेल्याला बाकीच्यांचा मोठा भाग आधीच आलेला असतो. वर्षानुवर्षे खेळणाऱ्याचे जुने शिक्षण वाया जात नाही, ही गोष्ट माझ्या मते नव्या खेळांच्या कर्त्यांनी फार लक्षपूर्वक पाहावी. दर सहा महिन्यांनी मुळातले नियम बदलणाऱ्या खेळात चाळिशीतला, नोकरी-संसार सांभाळणारा माणूस टिकू शकत नाही. त्याला आठवड्यातून एक रात्र मिळते, आणि त्या रात्री त्याला मागच्या रात्रीच्या पुढे जायचे असते.

सांगलीत इंजिनिअरिंगला असताना माझ्या खोलीत राहणारा मित्र बुद्धिबळ खेळणारा होता. सांगली हे बुद्धिबळाचे गाव, आणि तोही स्पर्धांतून खेळलेला होता. त्याला या खेळाचे वेड लागले ते एका गोष्टीमुळे : इथे पट दर वेळी नवा असतो. ‘अरेबिया’ नावाचा नकाशा प्रत्येक सामन्याला नव्याने तयार होतो. नियम तेच, म्हणजे प्रत्येकाला ठरावीक मेंढ्या, ठरावीक खाणी आणि जवळपास जंगल मिळणार, पण कोणती गोष्ट गावाच्या कोणत्या बाजूला पडेल हे ठरलेले नसते. मुख्य सोने शत्रूच्या बाजूला पुढे पडले की छातीत धस्स होते, मागे पडले की हायसे वाटते. तो म्हणे, बुद्धिबळात पहिल्या पंधरा चाली मी पाठ करून येतो. इथे पाठांतर पहिल्या आठ-दहा मिनिटांनी संपते आणि मग मला समोरची जमीन वाचावी लागते. कोणत्या दोन जंगलांमधली फट भिंतीने बुजवता येईल, कोणत्या टेकडीवर मनोरा उभारला तर शत्रूचे सोने त्याच्या माऱ्यात येईल, हे त्या नकाशावर पहिल्यांदा आणि शेवटचे ठरवायचे, कारण तोच नकाशा पुन्हा येत नाही. शिवाय सारा पट अंधाराने झाकलेला असतो. स्काउट जितके पाहील तितकेच तुम्हाला ठाऊक.

त्यात सोने संपते, ही या खेळाच्या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. खाणीच्या प्रत्येक ढिगात ८०० सोने असते, आणि लांबलेल्या सामन्यात एक वेळ अशी येते की नकाशावरच्या खाणी आटतात. नाईट, क्रॉसबो, तोफा, सगळ्यांना सोने लागते. भालेकरी, स्कर्मिशर आणि हलके घोडदळ यांना लागत नाही. त्यांना अन्न आणि लाकूड पुरते. मग दोन साम्राज्ये, ज्यांनी तासापूर्वी चिलखती घोडदळ नाचवले, ती साध्या भाल्या-बरच्यांनी लढू लागतात. खेळाडू याला ‘ट्रॅश वॉर’ म्हणतात. ज्याने आधीच नकाशावरचे पवित्र अवशेष धर्मगुरूंकरवी गोळा करून मठात ठेवले असतील, त्याला प्रत्येकी मिनिटाला ३० या दराने सोने मिळत राहते, आणि त्या किरकोळ ओघावर तो मधूनच पाच नाईट काढून लढाई फिरवतो. बाजारात अन्न विकून सोने घेता येते, पण दर व्यवहारागणिक भाव पडतो. म्हणजे आरंभी मुबलकता, मध्ये वैभव आणि शेवटी टंचाई असा एका सामन्याचा आकार असतो, आणि तो लेखकाने लिहिलेला नसून दोन माणसांच्या निर्णयांतून घडलेला असतो. अशी शेवटपर्यंत ताणलेली एक लढत मला २००६ मधली आठवते. त्यात आम्ही दोघांनी मिळून नकाशावरची जवळपास सगळी झाडे तोडली होती.

आता हरण्याचे कारण शोधता येते असे मी वर म्हटले, ते कसे, याकडे येतो. यामागे एक तांत्रिक निर्णय आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हा खेळ डॅलस येथील एन्सेम्बल स्टुडिओजने बनवला आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केला, तेव्हा लोकांकडे टेलिफोनच्या तारेवर चालणारे संथ मोडेम होते. आठ खेळाडूंच्या शेकडो सैनिकांची जागा, जीव, दिशा हे सगळे दर क्षणी एकमेकांना पाठवणे त्या तारेवर शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी असे ठरवले की सैनिकांची माहिती पाठवायचीच नाही. केवळ खेळाडूंच्या आज्ञा पाठवायच्या. प्रत्येक संगणक तोच सामना, त्याच क्रमाने, त्याच आज्ञा लावून स्वतः मांडतो, यदृच्छेचे आकडेसुद्धा सर्वत्र सारखेच निघतील अशी व्यवस्था असते, आणि आलेली आज्ञा सगळीकडे थोड्या ठरावीक अंतराने एकाच वेळी अमलात येते. एका जरी संगणकाचा हिशेब तसूभर चुकला तर सामना ‘आऊट ऑफ सिंक’ होऊन थांबतो. सर्वांत संथ संगणक साऱ्यांना संथ करतो, हा या पद्धतीचा दोष. आम्ही ज्या सायबर कॅफेत रात्री बसत असू, तिथे कोपऱ्यातले एक यंत्र इतके जुने होते की त्यावर कोणी बसला की आठही जणांचे घोडे चिखलातून चालल्यासारखे दिसत. म्हणून आम्ही सातच जण खेळायचो आणि आठवा मागे उभा राहून पाहायचा.

याच पद्धतीचा एक मोठा लाभ असा झाला की झालेला सामना साठवणे अत्यंत सोपे झाले. फक्त आज्ञांची यादी जपायची. ती पुन्हा चालवली की आख्खा सामना डोळ्यांसमोर पुन्हा घडतो. ही रेकॉर्डेड गेम उघडली की अंधार उठवता येतो, वेग वाढवता येतो, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे समोरच्याच्या बाजूने बघता येते. मला वाटते की सोळाव्या मिनिटाला अचानक हल्ला झाला, पण समोरचा त्याची तयारी नवव्या मिनिटापासून करत होता, आणि माझा स्काउट त्याच्या गावाबाहेरून दोनदा जाऊनही मी पाहिले नाही, हे त्यात लख्ख दिसते. मी शिकवतो तो याच रेकॉर्डिंगांवर. शिकणाऱ्याला मी आधी फक्त टाउन सेंटरवर नजर ठेवून सामना बघायला लावतो, मग फक्त रिकाम्या बसलेल्या व्हिलेजरवर, मग फक्त साठलेल्या लाकडावर. कोणी हजार लाकूड जमवून हरलेला असतो आणि त्याला ते तोवर ठाऊकच नसते. ते पाहून त्याच्या चेहऱ्यावर येणारे भाव निराशेचे नसतात. त्याला एकदम हलके वाटते. आपण मंद आहोत, आपले वय झाले, असे त्याने धरलेले असते, आणि इथे तर केवळ घोडदळासाठी एक तबेला बांधायचा राहिलेला असतो.

या साऱ्याला दुसरी एक बाजू आहे, आणि निष्ठेचा प्रश्न विचारताना ती सांगितलीच पाहिजे. हा खेळ काही वर्षे अक्षरशः बेवारस होता. ज्या एमएसएन गेमिंग झोनवर जगभरचे लोक सामने लावत, तिथली या खेळाची सोय २००६ मध्ये बंद झाली. जानेवारी २००९ मध्ये एन्सेम्बल स्टुडिओजच बंद पडला. नवे काही येण्याची आशा उरली नव्हती, आणि त्या काळात खेळ जगवला तो खेळाडूंनी. वूब्ली आणि गेमरेंजर या ऑनलाइन मंचांवर सामने चालू राहिले. रुंद पडद्यांवर खेळ चालावा, जुन्या त्रुटी जाव्यात म्हणून जाणकारांनी आपल्या वेळात अनधिकृत दुरुस्त्या लिहिल्या. ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ या चमूने तर नव्या संस्कृतींसह एक संपूर्ण विस्तार २०१२ मध्ये स्वतः तयार करून फुकट दिला. तो इतका नेटका होता की पुढच्याच वर्षी एचडी आवृत्तीसाठी त्याच लोकांना अधिकृत विस्तार करण्याचे काम मिळाले, आणि आजवर खेळाच्या विकासात ते आहेत. ज्याची छप्परदुरुस्ती आपण केली ते घर सोडून माणूस सहसा जात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात ‘रेड बुल वोलोलो’ या स्पर्धेची अंतिम फेरी भरली, तेव्हा ती बघताना मला त्या मधल्या वर्षांतल्या, रात्री दोन वाजता सामना लावून देणाऱ्या निनावी माणसांची फार आठवण झाली.

आमचाही या जतनात एक लहानसा वाटा होता, आणि तो सांगण्याचा मोह आवरत नाही. खेळासोबत एक सिनॅरिओ एडिटर येतो. त्यात जमीन उंचसखल करता येते, सैन्ये मांडता येतात आणि ‘अमुक माणूस अमुक जागी पोहोचला की तमुक घडावे’ असे ट्रिगर लावता येतात. २००४ च्या पावसाळ्यात आम्ही चौघांनी त्यात पन्हाळ्याचा वेढा रचला. १६६० च्या जुलैमधली ती रात्र : सिद्दी जौहरचा वेढा, गडावरून निसटणे, घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवून धरणे आणि विशाळगडाखाली सुर्वे-दळव्यांची आडवी आलेली फौज. मराठ्यांची संस्कृती या खेळात नाही, तेव्हा मावळ्यांसाठी कोणती घ्यावी यावर तीन रात्री वाद झाला. शेवटी केल्ट ठरले, कारण त्यांचे पायदळ इतरांपेक्षा १५ टक्के वेगाने चालते, आणि डोंगरवाटेने रातोरात जाणाऱ्या माणसांचा वेग हाच त्या प्रसंगाचा प्राण होता. आज्ञा दिली की मावळे गेलिकमध्ये उत्तर देत, ते खटकायचे. पण खिंडीच्या तोंडाशी मोजके पायदळ उभे करून, महाराजांची तुकडी विशाळगडाच्या चौकोनात शिरेपर्यंत ते टिकवायचे, हे जमवताना खिंड अरुंद असण्याचा अर्थ मला जेवढा कळला तेवढा शाळेत कळला नव्हता. खिंड दोन चौकटींनी रुंद केली की सगळे कोसळायचे. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार आला, बंगाली, द्रविड आणि गुर्जर या संस्कृती आल्या, राजेंद्र चोळाची मोहीम आली, आणि मी पहिल्याच रात्री ती खेळलो. मराठी बोलणारा व्हिलेजर अजून आलेला नाही. खेळाचा काळ मुख्यतः मध्ययुगाचा असल्याने कदाचित येणारही नाही, पण आमचा तो पन्हाळा एका मित्राच्या जुन्या हार्ड डिस्कवर अजून आहे.

दोषांबद्दलही बोलले पाहिजे. सैनिक वाट शोधताना अजूनही कधी कधी एकमेकांना अडून राहतात. पहिले पाच-सहा महिने नवख्याला कठीण जातात, आणि अनुभवी लोक त्याला धीर देण्याऐवजी लांबलचक बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय केव्हा बांधायचे याची यादी, त्याच्या हातात देतात, हे मला मुळीच पसंत नाही. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये शेत संपले की आपोआप पुन्हा पेरले जाऊ लागले, स्काउटला स्वतःहून फिरायला सोडता येऊ लागले, तेव्हा जुन्यांपैकी अनेकांनी नाराजी दाखवली. त्यांच्या मते हा कष्टांचा अपमान होता. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो की शेतात पुन्हा ६० लाकूड घालण्यासाठी दर वेळी क्लिक करण्यात कोणताही विचार नव्हता. शेत किती असावीत, कधी असावीत आणि कोणाच्या माऱ्यात असावीत, हा निर्णय माणसाकडेच राहिला आहे.

आणि हो, क्रमवारी. तिथे प्रत्येक जण साधारण १००० गुणांपासून सुरुवात करतो आणि यंत्रणा तुमच्या तोडीचाच प्रतिस्पर्धी शोधते, त्यामुळे जवळपास निम्मे सामने तुम्ही हरणारच. ‘द वायपर’ किंवा ‘हेरा’ यांच्यासारखे जगातले अव्वल खेळाडूही हरतात आणि दुसऱ्या दिवशी आपलेच रेकॉर्डिंग उघडून प्रेक्षकांसमोर चुका मोजतात. अकराशे गुणांवर चार वर्षे असलेला माझा एक विद्यार्थी आहे, व्यवसायाने औषध दुकानदार. त्याचे गुण फारसे हललेले नाहीत, पण चार वर्षांपूर्वीचा तो आणि आजचा तो यांचे सामने मी शेजारी शेजारी लावून पाहिले आहेत, आणि आजचा माणूस जुन्याला पंधराव्या मिनिटाला हरवेल याबद्दल मला शंका नाही. आजूबाजूचे सगळेच त्याच्यासोबत सुधारले, म्हणून आकडा तिथेच आहे. त्यालाही हे दिसते, आणि म्हणून तो दुकान बंद केल्यावर येऊन बसतो.

तुमच्या काकांच्या खोलीत येत्या शनिवारी जाऊन बसा, पण लढाईकडे पाहू नका. सामना संपल्यावर ते चौघे लगेच निरोप घेतात का, ते पाहा. माझा अंदाज असा आहे की ते घेत नसतील. कोणीतरी म्हणेल, "थांब, जरा अठरावं मिनिट लाव," आणि मग न्यू जर्सीतला मित्र दुपारच्या जेवणाला उशीर करून सांगू लागेल की नाशिककरांनी भिंत एक चौकट अलीकडे घातली असती तर घोडे आत आलेच नसते. त्या अर्ध्या तासात काकांना मध्येच काही विचारलेत तर ते सांगतील. मला स्वतःला परवाच्या सामन्यात मँगोनेल वाचवताना चौदाव्या मिनिटाला टाउन सेंटर चाळीस सेकंद रिकामे राहिलेले सापडले आहे. या आठवड्यात मी तेवढ्यावरच काम करतो आहे.